पाळण्यातून दिसणारं झाड

“बेडरूम एकच आहे, तीही दहा बाय दहाची. बाळासाठी वेगळी खोली कुठून आणायची? आणि इथे चौथ्या मजल्यावर त्याला निसर्गाच्या जवळ ठेवायचं तरी कसं?”

डोहाळजेवण आटोपलं, की ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या घराघरांत हा प्रश्न निघतो. फोनवर बाळांच्या खोल्यांची चित्रं पाहून झालेली असतात. भिंतभर जंगल, छतावर ढग, कोपऱ्यात माणसाएवढा जिराफ. आपल्याकडे पाळण्याच्या एका अंगाला कपाट, दुसऱ्या अंगाला पलंग आणि समोर पलीकडच्या विंगची खिडकी. त्यामुळे आई-बाबांना उगाच वाटत राहतं, की आपण बाळाला काहीतरी कमी देतोय.

तसं काही नाही. बाळाला कोपरा पुरतो. त्या कोपऱ्यात जंगलाचं चित्र नसलं तरी चालेल, जंगलात जे घडतं त्यातलं थोडं तिथे घडायला हवं. उजेड हलावा, वारा लागावा, आवाज कधी जवळून तर कधी लांबून यावेत, हाताला काही खरखरीत तर काही गुळगुळीत लागावं. यातलं काय बाळाला कोणत्या महिन्यात उमगतं ते कळलं, की काय आणायचं आणि काय नाही हेही कळतं. म्हणून आधी बाळाच्या डोळ्यांपासून सुरुवात करू.

१. बाळाला किती लांबचं दिसतं?

एक वीत, फार तर दीड वीत. पंजा ताणून अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत मोजा, २० सेंटिमीटरच्या आसपास भरेल. नुकत्या जन्मलेल्या बाळाला २० ते ३० सेंटिमीटरवरचं त्यातल्या त्यात नीट दिसतं. अंगावर पिताना बाळाच्या डोळ्यांपासून आईचा चेहरा साधारण तेवढ्याच अंतरावर असतो. त्यापलीकडचं जग धूसर. कल्याणहून माळशेज घाटात भर जुलैत गेलात तर पुढची गाडी जशी आकाराने जाणवते पण नंबर वाचता येत नाही, तसं.

हे एका गणिताने पाहू. ३० सेंटिमीटरवर धरलेल्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या बाळाला वेगवेगळ्या दिसायच्या असतील, तर प्रत्येक पट्टी ढोबळमानाने ३ मिलिमीटर रुंद हवी. अंतर जितक्या पट वाढेल, तितक्या पट रुंदी वाढवायची. पाळण्यापासून भिंत दीड मीटरवर असेल, तर ते अंतर ३० सेंटिमीटरच्या पाच पट झालं. ३ गुणिले ५, म्हणजे १५ मिलिमीटर. दीड सेंटिमीटरहून बारीक नक्षी त्या भिंतीवर कितीही सुंदर काढली, तरी पहिल्या महिन्यात ती फक्त मोठ्यांसाठी असते. छत तर आणखी दूर. तिथले नखाएवढे चमकते तारे बाळाला दिसणारच नाहीत.

दुसरी गोष्ट अंतराइतकीच महत्त्वाची. पहिले तीन-चार महिने बाळ उताणं पडून जग पाहतं. आपण उभं राहून भिंती सजवतो, ते मात्र वर आणि बाजूला पाहत असतं. म्हणून सजावट पाळण्याच्या वर सुरू होते, मग बाजूला सरकते आणि शेवटी जमिनीवर उतरते.

२. आधी काळं-पांढरं, मग रंग

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट फँट्झ यांनी १९६३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. अवघ्या काही दिवसांच्या बाळांना त्यांनी चकत्या दाखवल्या. एकीवर चेहरा, एकीवर एकात एक वर्तुळं, एकीवर वर्तमानपत्राचा छापील तुकडा. उरलेल्या चकत्या कोऱ्या होत्या, पांढरी, पिवळी आणि लाल. बाळं कोऱ्या रंगीत चकत्यांपेक्षा नक्षीच्या चकत्यांकडे जास्त वेळ बघत राहिली.

कारण सोपं आहे. डोळ्याच्या पडद्यावरच्या रंग टिपणाऱ्या पेशी जन्मतः पुरत्या तयार नसतात. गडद आणि फिकट यांतला फरक मात्र आधी कळतो. म्हणून फिकट हिरव्या भिंतीवर फिकट पिवळी पानं बाळाला सपाट दिसतात, तर पांढऱ्यावरचं काळं ठसठशीत. साधारण दुसऱ्या ते चौथ्या महिन्यात रंग उमजू लागतात, लाल-हिरवा आधी आणि निळा-पिवळा मागाहून.

आपल्या घरांत यासाठी एक वस्तू पिढ्यान्‌पिढ्या आहे, पाळण्यावरचं चिमणाळं. लाकडी किंवा कापडी चिमण्यांचं ते टांगतं खेळणं आजोळच्या पेटीत असेल तर बाहेर काढा. नसेल तर घरी शिवा, आणि पक्षी आपल्याच खिडकीतले निवडा.

पहिला पक्षी दयाळ. ठाण्या-डोंबिवलीच्या सोसायट्यांमध्ये उन्हाळ्यात पहाटे जो गच्चीच्या टोकावर बसून गोड शीळ घालतो, तोच. नराची छाती काळीभोर, पोट पांढरंशुभ्र. नवजात बाळाच्या डोळ्यांना याहून सोयीचा पक्षी शोधून सापडणार नाही. दोन महिन्यांनी हिरवा पोपट आणि बुडाशी लाल ठिपका असलेला बुलबुल आणा. त्यानंतर पिवळाधमक हळद्या.

शिवताना एक काळजी घ्या. बाजारातल्या बऱ्याच टांगत्या खेळण्यांचे पक्षी उभ्या माणसाला बाजूने छान दिसतात, खालून मात्र फक्त शिवण दिसते. बाळ खाली आहे. म्हणून दयाळाची काळी छाती आणि पांढरं पोट जमिनीकडे येईल असा तो तिरका टांगा. काळ्या सुती कापडाची छाती, जुन्या धोतराच्या तुकड्याचं पोट, आत कापूस, आणि टाके इतके घट्ट की ओढूनही निघू नयेत. मणी आणि टिकल्या नकोत, डोळे दोऱ्यानेच काढा.

टांगण्याचे नियम तीन. सुरुवातीला बाळाच्या चेहऱ्यापासून दीड वितीवर टांगा. कुठलीही दोरी एका वितीहून लांब लोंबू देऊ नका. बाळ हात मारून धरू लागलं की चिमणाळं वर न्या, आणि हातांवर जोर देऊन ते उठू पाहू लागलं, म्हणजे साधारण पाचव्या महिन्यात, ते उतरवून ठेवा.

३. गेरूची भिंत

गडद पार्श्वभूमीवर पांढरं. हे शब्द वाचताच आपल्या भागातल्या कुणालाही वारली चित्र आठवेल. डहाणू, तलासरी, जव्हार हे तालुके १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत ठाणे जिल्ह्यातच होते. तिथल्या कुडाच्या झोपड्यांवर शेणमातीचा लेप, त्यावर गेरू, आणि गेरूवर तांदळाच्या पिठाने काढलेली माणसं, झाडं, पक्षी. टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी हाच कुंचला. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी हे चित्र भिंतीवरून कागदावर आणून जगभर नेलं. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते गेले.

वारली चित्र बाळासाठी जन्मलेलं नाही, ते लग्नघरातलं. पण त्याची भाषा बाळाच्या डोळ्याला नेमकी जुळते. वर्तुळ, त्रिकोण, रेघ, आणि गडद-फिकट यांत ठळक फरक. माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण आणि वर एक गोल. डोंगर त्रिकोणी, सूर्य गोल.

भिंत रंगवायची गरज नाही, विशेषतः घर भाड्याचं असेल तर. दोन बाय दोन फुटांचा मांजरपाटाचा तुकडा लाकडी चौकटीवर ताणून बसवा. कुंड्यांना लावतात तो गेरू पाण्यात कालवा, त्यात डिंक घाला आणि दोन हात द्या. वाळल्यावर बोट फिरवून पाहा. बोटाला तांबडं लागलं तर डिंक कमी पडला आहे. मग तांदळाची पिठी आणि डिंकाने एक झाड, चार पक्षी आणि एक तारपा वाजवणारा काढा. पहिल्या प्रकरणातलं गणित इथे वापरा. चौकट दीड मीटरवर टांगणार असाल, तर रेघ दीड सेंटिमीटरहून जाड. लग्नाचा देवचौक मात्र काढू नका. तो वारली लोकांच्या विधीचा भाग आहे, सजावटीचा नव्हे. चौकट पाळण्याच्या बाजूला, बाळाचा हात पोहोचणार नाही अशी पक्क्या खिळ्यावर लावा. पाळण्याच्या वर जड काहीही टांगू नये.

४. रंग, शिसं आणि ओल

भिंत रंगवणारच असाल तर दोन गोष्टी समजून घ्या.

पहिली, शिसं. पूर्वी रंग उजळ दिसावा आणि लवकर वाळावा म्हणून त्यात शिशाची संयुगं घालत. शिसं मेंदूच्या वाढीला बाधतं, आणि मोठ्या माणसापेक्षा लहान मूल त्यातलं कितीतरी जास्त शरीरात शोषून घेतं. आपल्या देशात २०१६ साली त्यावर नियम झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगांत शिशाची मर्यादा दहा लाख भागांत ९० भाग ठरली. म्हणजे किलोभर सुकलेल्या रंगात ९० मिलिग्रॅम. डब्यावर ते लिहिलेलं असतं, वाचून घ्या. इमारत जुनी असेल तर नव्या रंगाखाली जुने थर आहेत हे विसरू नका. घरात गरोदर बाई किंवा बाळ असताना भिंत खरवडू नका, ती धूळच घातक असते. रंगकाम बाळ यायच्या निदान महिनाभर आधी उरकून खिडक्या उघड्या ठेवा.

दुसरी, ओल. आपल्याकडे पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो, त्यामुळे पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या भिंती जुलैत आतून दमट होतात. अशा भिंतीवर जंगलाचा वॉलपेपर चिकटवला, तर कागदामागे ओल कोंडते आणि बुरशी धरते. पातेल्यावर झाकण घट्ट ठेवलं की आत पाणी साचतं, तसंच हे. बाळाचा श्वास त्या भिंतीपासून हातभर अंतरावर असतो. म्हणून पाळणा आतल्या, कोरड्या भिंतीलगत ठेवा, आणि सजावट अशी करा की पावसाळ्यात ती उतरवून भिंत पुसता येईल.

५. खिडकी: बाळाची आणि आईची

१९८४ साली रॉजर अलरिच या संशोधकाने पेनसिल्व्हेनियातल्या एका हॉस्पिटलातल्या जुन्या नोंदी तपासल्या. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेले ४६ रुग्ण. निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडं दिसणारे रुग्ण सरासरी पाऊण दिवस आधी घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली.

बाळाच्या खोलीच्या प्रकरणात हे कशाला? कारण त्या खोलीत बरं होत असलेलं माणूस आई आहे. सव्वा महिना तीही तिथेच असते, रात्री-अपरात्री पाजायला उठते. म्हणून आधी आईची जागा ठरवा. पाजताना तिची नजर ज्या दिशेला जाईल तिथे झाड दिसू द्या, मग ते सोसायटीतलं गुलमोहराचं टोक का असेना. येऊरचे डोंगर किंवा मलंगगडाची रांग दिसत असेल, तर त्या खिडकीला जाड पडदा लावू नका.

बाळासाठी खिडकी म्हणजे हलता उजेड. पिंपळाचं पान जवळजवळ वारा नसतानाही थरथरतं, कारण त्याचा देठ लांब आणि बारीक असतो. पानांतून झिरपलेला सकाळचा उजेड भिंतीवर पडला की बाळ त्याच्याकडे एकटक पाहतं. समोर झाड नसेल तर ग्रिलमध्ये एक कुंडी अशी ठेवा, की सकाळी तिच्या पानांची सावली पाळण्याशेजारच्या भिंतीवर येईल. पडद्याला जुनी सुती साडी चालते. तिच्यातून उजेड गाळून येतो. पडद्याच्या दोऱ्या पाळण्यापासून लांब बांधा.

आवाजांचंही तसंच. समुद्राच्या लाटा आणि पावसाचा आवाज काढणारी यंत्रं मिळतात. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत अशी १४ यंत्रं ३० सेंटिमीटरवर पूर्ण आवाजात लावली, तेव्हा प्रत्येकाचा आवाज बाळांसाठी सांगितलेल्या ५० डेसिबलच्या वर गेला. ५० डेसिबल म्हणजे दोन माणसं हळू बोलतात तेवढा आवाज. यंत्र घेतलंच तर पाळण्यापासून लांब आणि अगदी हळू ठेवा. पण खिडकी उघडली तर तांबट आहेच. उन्हाच्या वेळी तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तसा टुक-टुक-टुक आवाज येतो तो याचाच. लांबून लोकल जाते, तोही इथल्या बाळाच्या जगाचा भाग आहे.

एका पाहुण्याला मात्र थारा देऊ नका. निसर्ग म्हणून खिडकीत कबुतरांना दाणे घालू नका. त्यांच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ फुप्फुसांना अपाय करते. विष्ठा झाडताना आधी पाण्याने भिजवा, बाळाला दुसऱ्या खोलीत ठेवा. आणि धुरी कितीही घरगुती वाटली, तरी धूर तो धूरच. कोवळ्या फुप्फुसांना तो नकोच.

६. कुंडी कुठे ठेवायची?

“घरात झाडं ठेवली की हवा शुद्ध होते” हे आपण सगळ्यांनी ऐकलंय. त्याचं मूळ ‘नासा’च्या १९८९ सालच्या अहवालात आहे. पण ते प्रयोग हवाबंद छोट्या पेट्यांत झाले होते. २०१९ साली अशा सगळ्या प्रयोगांचं गणित पुन्हा मांडलं गेलं. इमारतीत एरवी होणारी हवेची ये-जा जेवढी हवा स्वच्छ करते, तेवढं काम झाडांकडून करून घ्यायला दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील, असं त्यातून निघालं. दहा बाय दहाची खोली म्हणजे सुमारे ९.३ चौरस मीटर. कमीत कमी हिशोब धरला तरी ९३ कुंड्या, आणि मग पाळणा ठेवायला जागा उरणार नाही. हवेसाठी खिडकी उघडा. कुंडी ठेवा ती डोळ्यांसाठी.

कोणती ठेवावी हे कळायला अळू आठवा. अळूच्या पातळ भाजीत चिंच का घालतात? नाहीतर घसा खवखवतो. अळूत सुईसारखे टोकदार ऑक्झलेटचे स्फटिक असतात, ते टोचतात. मनी प्लांट आणि डिफेनबेकिया ही दोन्ही अळूच्याच कुळातली, आणि त्यांच्या पानांतही हेच स्फटिक. बाळाने पान चावलं तर तोंड सुजतं. ही झाडं बाळाच्या हातापासून दूर हवीत. कण्हेर तर घरात नकोच, ती सगळीच्या सगळी विषारी. अरेका पाम, स्पायडर प्लांट, तुळस, जास्वंद यांची अशी भीती नाही.

कुंडीखालची थाळी दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी रिकामी करून घासा. डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दीड आठवडा पुरतो. पाळण्याला मच्छरदाणी बाराही महिने ठेवा.

७. रांगायला लागल्यावर

सात-आठ महिन्यांत सजावट जमिनीवर उतरते. आता बाळाला पाहण्यापेक्षा धरायचं, आपटायचं आणि तोंडात घालायचं असतं. इथे आपल्याच जुन्या जिल्ह्यातला एक थोर धडा कामी येतो.

ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं आणि अनुताई वाघ यांनी ते नेटाने चालवलं. माँटेसोरी पद्धतीची साधनं महाग होती. ताराबाईंनी त्यांच्या जागी शंख-शिंपले, बिया, दगड, पानं, फुलं आणली. आकार, रंग, वजन, खरखरीतपणा हे सगळं गावाच्या आवारात फुकट मिळत होतं.

त्या शाळेतली मुलं मोठी होती, आपलं बाळ वर्षाच्या आतलं आहे. म्हणून वस्तू मोठ्या निवडा. कसोटी सोपी आहे. जुन्या कॅमेऱ्याच्या रिळाच्या डबीत जी वस्तू मावते, ती घशात अडकू शकते. म्हणजे चिंचोके, गुंजा, छोटे शिंपले बाद. गुंज तर विषारीही आहे. त्याऐवजी एका टोपलीत सोललेला गुळगुळीत नारळ, धुऊन वाळवलेलं घोसाळं, लाकडी पळी, बांबूची परडी, खादीचा तुकडा आणि गोधडीचं चौकोनी टोक ठेवा. विकतचं खेळणं घ्याल तर आयएसआय चिन्ह पाहा. १ जानेवारी २०२१ पासून ते सक्तीचं आहे.

ही टोपली आणि हे सगळं सौंदर्य झोपेच्या जागेबाहेर ठेवा. बाळ झोपताना सपाट, टणक गादीवर उताणं असावं, आणि गादीवर उशी, मऊ खेळणी, जाड पांघरुणं नसावीत. झोळीत हनुवटी छातीवर टेकून श्वास अडू शकतो, म्हणून तिच्यात बाळाला झोपवून दूर जाऊ नका.

८. दहा बाय दहाचं गणित

आता सगळं एका खोलीत मांडू. डोंबिवली पूर्व, चौथा मजला, एक खिडकी पूर्वेला, एक पश्चिमेला. बाळ ऑगस्टमध्ये येणार.

मे महिन्यात जिथे पाळणा येणार तिथे चटई टाकून दहा मिनिटं उताणे पडा. ट्यूबलाइट थेट डोळ्यांत येते का? पंख्याचा झोत अंगावर येतो का? खिडकीतून काय दिसतं? जे खटकेल ते आधी बदला. रंगकाम याच महिन्यात उरका. जूनच्या पहिल्या सरीनंतर पश्चिमेच्या भिंतीला हात लावून पाहा. दमट लागली तर पाळणा पूर्वेच्या खिडकीजवळ आतल्या भिंतीला, आणि आईची बसायची जागा त्या खिडकीकडे तोंड करून.

ऑगस्टमध्ये दयाळ, दीड वितीवर. ऑक्टोबरमध्ये त्याच्या शेजारी पोपट आणि बुलबुल, डिसेंबरमध्ये हळद्या, आणि चिमणाळं थोडं वर. पावसाळा सरल्यावर गेरूची चौकट बाजूच्या भिंतीवर. जानेवारीत चिमणाळं उतरवून पेटीत ठेवा, घरातल्या पुढच्या बाळासाठी. मार्चमध्ये जमिनीवर टोपली, आणि सॉकेटना झाकणं.

मे येईल तेव्हा बाळ खिडकीची कड धरून उभं राहू पाहत असेल. कोणीतरी त्याला कडेवर घेऊन ग्रिलशी उभं राहील. गच्चीच्या टोकावर तो काळा-पांढरा पक्षी शीळ घालेल, बाळ मान वळवेल, बोट दाखवेल आणि आपल्याकडे पाहील. त्याला नाव हवं असेल. तेव्हा नुसतं “चिऊ” म्हणून भागणार नाही. म्हणून बाळ यायच्या आधी आपल्या खिडकीतल्या चार पक्ष्यांची आणि दोन झाडांची नावं शिकून घ्या. खोलीच्या तयारीत एवढं काम आई-बाबांचं स्वतःचं आहे.